'तसं काही नव्हतं' म्हणून थांबू नका

प्रौढ माणूस घरातून निघून गेला आणि परतला नाही, की घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारले जातात. भांडण झालं होतं का? कर्ज होतं का? कुणाशी प्रेमप्रकरण? अंगावर कपडे कोणते होते, उंची किती, ओळखीची खूण काही? घरचे आठवून आठवून उत्तरं देतात आणि बहुतेक वेळा शेवट एकाच वाक्यावर होतो: तसं काही नव्हतं हो, अगदी नेहमीसारखा होता.

ते खोटं बोलत नसतात. त्यांना जे दिसलं ते तसंच होतं. माझी तक्रार या वाक्याचा पुढे जो अर्थ लावला जातो त्याबद्दल आहे. भांडण नाही, कर्ज नाही, आजार नाही. म्हणजे माणूस आपल्या मर्जीने गेला असणार, आणि मर्जीने गेला असेल तर एवढी घाई कशाला, येईल दोन दिवसांत. काही उघड कारण सापडलं नाही याचाच धोका नसल्याचा पुरावा बनतो.

मला हे नेमकं उलट वाटतं. काहीही कारण दिसत नसताना रोजची लय एकाएकी मोडून माणूस दिसेनासा होतो, तेव्हा ती आधी आरोग्याची तातडी मानायला हवी, कारण त्यामागे कुणालाच न दिसलेलं नैराश्य असू शकतं. मर्जी होती की नव्हती, गुन्हा घडला की नाही, हे प्रश्न त्यानंतरचे. आणि याला जोडूनच दुसरी गोष्ट: त्याला शोधणं म्हणजे त्याला घरच्यांच्या हवाली करणं नव्हे. या दोन कामांची गल्लत आपण इतकी सरसकट करतो की त्यापायी दोन्ही कामं बिघडतात.

नैराश्य म्हटलं की अंधाऱ्या खोलीत तोंड फिरवून पडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. असे रुग्ण असतात, पण निदानाच्या निकषांत तशी अट कुठेच नाही. मन सतत उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, यांपैकी एक तरी लक्षण. जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, हालचालीतला मंदपणा किंवा बेचैनी आणि मरणाचे विचार यांतली काही. आणि हे किमान दोन आठवडे, जवळपास रोज. यातलं किती बाहेरून दिसतं? पहाटे तीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत पडावं लागतं, हे शेजारी झोपलेल्यालाही कळत नाही. वाचलेलं पान चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही, हे ऑफिसात कुणाला दिसत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेली आणि आता जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक चाचणी आहे, पीएचक्यू-९. तिचे नऊच्या नऊ प्रश्न त्या माणसालाच विचारायचे असतात, कारण आतलं फक्त त्यालाच ठाऊक असतं. आपण मात्र तो गेल्यावर घरच्यांना विचारतो आणि त्यांच्या उत्तरावर धोक्याची पायरी ठरवतो.

शिवाय लपवणं हे या आजाराला नंतर चिकटलेलं काही नाही, ते बऱ्याचदा त्याच्या पोटातूनच येतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी आत्महत्येबद्दल जी मांडणी केली, तिच्या मुळाशी दोन भावना आहेत: आपण कुणाचेच नाही, आणि आपण सगळ्यांवर ओझं आहोत. ज्याला आपण ओझं वाटतो, तो आपलं दुःख सांगून आणखी ओझं कसं टाकेल? तो उलट जास्त हसतो, जास्त काम करतो, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवतो. पुरुषांमध्ये तर हे नैराश्य कित्येकदा चिडचिड, दारू किंवा अति काम यांच्या आड असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार नैराश्य स्त्रियांमध्ये पुरुषांच्या साधारण दीडपट आढळतं, पण आत्महत्येने मरणारे पुरुष स्त्रियांच्या दुपटीहून जास्त असतात. या तफावतीची कारणं अनेक आहेत. पुरुषांचं नैराश्य ओळखूच न येणं हे त्यांपैकी एक.

सगळ्यात फसवी अवस्था म्हणजे अचानक आलेली शांतता. महिनोन्महिने कुढणारा माणूस एकदम मोकळा दिसू लागतो, राहिलेली कामं उरकतो, कुणाची वस्तू परत करतो, कुणाला फोन करतो. घरच्यांना हायसं वाटतं. कधीकधी ते खरंच बरं होणं असतं. पण कधी आत काहीतरी ठरून गेलेलं असतं आणि ओढाताण संपल्यामुळे चेहरा सैलावलेला असतो. 'आता तर कुठे सुधारत होता' हे वाक्य मागे उरलेल्यांच्या तोंडी फार येतं.

इटालियन पदार्थवैज्ञानिक एत्तोरे मायोराना यांचं उदाहरण घ्या. जन्म १९०६चा. नोबेलविजेते शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी त्यांना न्यूटन-गॅलिलिओच्या पंगतीत बसवत असत. १९३३ साली जर्मनीहून परतल्यावर त्यांनी स्वतःला जवळपास कोंडून घेतलं; काही वर्षं ते क्वचितच बाहेर दिसले. मग १९३७च्या अखेरीस नेपल्स विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं आणि जानेवारी १९३८मध्ये त्यांची व्याख्यानं सुरू झाली. बाहेरून पाहणाऱ्याला काय वाटलं असेल? गाडी रुळावर आली. २५ मार्चला त्यांनी संस्थेच्या प्रमुखांना आणि घरच्यांना निरोपाची पत्रं लिहिली आणि ते सिसिली बेटावरच्या पालेर्मोला जाणाऱ्या बोटीत बसले. तिथून त्यांचं दुसरं पत्र आलं: समुद्राने मला नाकारलं, उद्या परत येतो. ते परत आले नाहीत. पुढे अनेक तर्क झाले; २०१५ साली रोमच्या सरकारी वकिलांनी तर ते १९५५ ते १९५९ या काळात व्हेनेझुएलात जिवंत होते असं म्हणून चौकशी बंद केली. त्यांना काय झालं होतं याचं निदान इतक्या वर्षांनी करण्याचा आगाऊपणा मला करायचा नाही. मला त्या दोन पत्रांमधलं अंतर महत्त्वाचं वाटतं. एका पत्रात निघून जाण्याचा निश्चय, लगेच दुसऱ्यात परतण्याचा. मन असं हेलकावे खात असताना 'त्याची मर्जी काय होती' या प्रश्नाला एक उत्तर नसतं. सकाळची मर्जी वेगळी आणि संध्याकाळची वेगळी.

म्हणूनच वेळेला इतकं महत्त्व. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका पुलावरून १९३७ ते १९७१ या काळात ज्या ५१५ जणांना आत्महत्येपासून अडवलं गेलं, त्यांचं पुढे काय झालं हे रिचर्ड सायडन या संशोधकाने तपासलं आणि १९७८ साली मांडलं. त्यांतले सुमारे ९४ टक्के लोक एक तर अजून जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणांनी वारले होते. 'ज्याने ठरवलं तो कधीतरी करणारच' ही समजूत या आकड्यापुढे टिकत नाही. त्या काही तासांत कुणीतरी आडवं आलं, एवढंच बहुतेकांना पुरलं. बेपत्ता माणसाच्या बाबतीत हे काही तास आपण कशात घालवतो? 'चोवीस तास वाट बघा' या सल्ल्यात. असा नियम बहुतेक ठिकाणी कायद्यात कुठेही नाही, तरी तो सगळ्यांना पाठ आहे. तक्रार करायला जाणाऱ्यालाही, आणि दुर्दैवाने कधीकधी ती घेणाऱ्यालाही.

ब्रिटनमध्ये बेपत्ता व्यक्तीची नोंद झाली की पोलिस धोक्याची पायरी ठरवतात: कमी, मध्यम, उच्च अशी. पायरीवर मनुष्यबळ ठरतं. पद्धत चांगलीच आहे. निदान तिथे प्रश्न विचारला जातो. पण पायरी ठरते ती मिळालेल्या माहितीवर, आणि लपलेल्या नैराश्याची व्याख्याच ही की त्याची माहिती कुणाकडे नसते. निदान झालेला, औषधं चालू असलेला रुग्ण बेपत्ता झाला तर फाइल पटकन वर सरकते. ज्याने कधी डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही तो खाली राहतो. तिथल्याच अभ्यासांत बेपत्ता प्रौढांपैकी दहात आठांपर्यंत लोकांना मानसिक आरोग्याच्या तक्रारी असल्याचं आढळलं आहे. हे प्रमाण समोर असताना 'आजाराची नोंद नाही' या रकान्यापाशी थांबणं मला पटत नाही.

मग विचारायचं काय? कपड्यांचा रंग विचाराच, पण गेल्या महिनाभरात झोप कशी होती तेही विचारा. जेवण कमी झालं होतं का? कुठली आवडीची गोष्ट सोडून दिली? कुणाला काही देऊन टाकलं? फोन, पाकीट, रोजची औषधं मागे ठेवून गेला का? पूर्वी कधी असं निघून गेला होता, किंवा जिवाचं काही करून घेतलं होतं? आणि हे फक्त आईवडील किंवा जोडीदाराला नव्हे. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला, जुन्या मित्राला, बहिणीला. घरात घातलेला मुखवटा माणूस बाहेर कुठेतरी क्षणभर उतरवतोच. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी ब्रिटनमध्ये 'हर्बर्ट प्रोटोकॉल' आहे. माणूस हरवण्याआधीच त्याच्या सवयी, औषधं, जुने पत्ते आणि आवडती ठिकाणं लिहून ठेवलेला अर्ज तयार असतो. नॉरफोकच्या पोलिसांनी तो सुरू केला आणि दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत लढलेल्या जॉर्ज हर्बर्ट यांचं नाव त्याला दिलं. नैराश्यातून उठलेल्या माणसाबरोबर, त्याच्या संमतीने, असा कागद तयार करायला काय हरकत आहे? आत्महत्येच्या विचारांतून जाणाऱ्या रुग्णाबरोबर संकटकाळासाठीची योजना लिहून काढण्याची पद्धत मानसोपचारात आहेच. त्यात एक ओळ वाढवायची: मी दिसेनासा झालो तर कुठे बघा, कुणाला पाठवा, कुणाला पाठवू नका.

शेवटचे तीन शब्द मी मुद्दाम घातले आहेत. 'कुणाला' इतकाच 'नका' महत्त्वाचा. माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप इथूनच येतो आणि तो वजनदार आहे. प्रौढ माणसाला निघून जाण्याचा हक्क आहे. मारणाऱ्या नवऱ्यापासून पळालेली बाई, लग्न लादलं म्हणून घर सोडलेली मुलगी, आपली ओळख घरात मान्य नाही म्हणून शहर बदललेला तरुण, यांच्यामागे 'बिचाऱ्याला डिप्रेशन असेल' म्हणत यंत्रणा सोडली तर ते काळजीच्या नावाखाली पकडून आणणं होईल. घरचे तर असा वापर करायला टपलेलेच असतात. 'तिचं डोकं ठिकाणावर नाही' हा आरोप बायकांना घरी परत ओढून आणण्यासाठी किती जुन्या काळापासून वापरला गेला आहे, हे मी सांगायला नको.

पण या आक्षेपाचं उत्तर 'शोधू नका' हे नाही. शोधा, भेटा, सुरक्षित आहे का बघा, एकट्यात बोला, मदत हवी का विचारा. आणि नको असेल तर पत्ता कुणालाही न देता निघून या. ब्रिटनमध्ये प्रौढ व्यक्ती सापडल्यावर पोलिस घरच्यांना एवढंच कळवू शकतात की ती सुखरूप आहे. कुठे आहे हे तिच्या परवानगीशिवाय सांगत नाहीत. तिथली 'मिसिंग पीपल' ही संस्था निघून गेलेल्या माणसाचा निरोप, ठावठिकाणा उघड न करता, घरी पोचवते. मला हाच मार्ग योग्य वाटतो. घरच्यांना त्याने दुखावल्यासारखं वाटेल, यात शंका नाही. पण जिवंत आहे एवढं कळणं आणि काहीच न कळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्यांचा शोक धड सुरूही होत नाही नि संपतही नाही अशा कुटुंबांच्या अवस्थेला पॉलिन बॉस या अभ्यासिकेने 'संदिग्ध वियोग' असं नाव दिलं, ते उगाच नाही.

हा फरक कायद्यात आणि व्यवहारात स्पष्ट असेल तर शोधालाही जोर येतो. आज पोलिस कच खातात त्यामागचं एक कारण हेच असतं, की सापडल्यावर त्या माणसाला घरी न्यायचं का, कोणत्या अधिकाराने, हे त्यांनाच ठाऊक नसतं. मग न शोधणं सोपं पडतं.

घरचे काय लपवतात, हाही प्रश्न आहेच. मागे झालेला प्रयत्न, मानसोपचारतज्ज्ञाकडची फेरी, गोळ्यांची पाकिटं, यांतलं बरंचसं तक्रार देताना सांगितलं जात नाही. लाज हे एक कारण. कायद्याची भीती हे दुसरं. इंग्लंडमध्ये १९६१पर्यंत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. पाकिस्तानने तो २०२२मध्ये, घाना आणि मलेशियाने २०२३मध्ये गुन्ह्यांतून वगळला. भारतात २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४पासून त्याला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच गेलं. काही देशांत मात्र अजूनही शिक्षा आहे. जिथे खरं बोललं तर आपलाच माणूस आरोपी ठरेल, तिथे घरच्यांनी पोलिसांना मोकळेपणाने सांगावं ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

आता शोधाच्या गाजावाजाविषयी, कारण हल्ली पोलिसांआधी फोटो पोचतो. फोटो फिरवल्याने माणसं सापडतात, हे खरं. पण त्यासोबत 'मानसिक संतुलन बिघडलेले' असं लिहून हजारो फोनवर पाठवलं जातं, तेव्हा आपण त्या माणसाचं परतणं महाग करतो. १९२६ साली इंग्रज रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती बेपत्ता झाल्या. त्याच वर्षी त्यांची आई वारली होती आणि नवऱ्याने दुसऱ्या स्त्रीसाठी घटस्फोट मागितला होता. ३ डिसेंबरच्या रात्री त्या घरातून निघाल्या, मोटार सरे परगण्यात सोडून दिलेली सापडली, हजारावर पोलीस आणि कितीतरी स्वयंसेवक रान तुडवत राहिले. १४ डिसेंबरला त्या हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. नोंदवहीत आडनाव लिहिलं होतं ते नवऱ्याच्या प्रेयसीचं. शोध सुरू असताना लोकांनी नवऱ्याला खुनी ठरवलं होतं. सापडल्यावर बाईंना प्रसिद्धीलोलुप ठरवलं. एवढा खर्च झाला, एवढी माणसं राबली आणि ही जिवंत! जणू मृतदेह मिळाला असता तर पैसे वसूल झाले असते. ख्रिस्तींनी आपल्या आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर काढलं नाही. शंभर वर्षं होत आली, तरी ती रहस्यकथा म्हणूनच चघळली जाते; आई गेलेली आणि संसार मोडत असलेली एक बाई म्हणून त्यांच्याकडे पाहणारे तेव्हा थोडे होते, आजही फार नाहीत.

फोटो लावायचा तर नाव, वय, शेवटचं ठिकाण, संपर्क एवढंच लिहावं. आजाराचा उल्लेख नको, घरातल्या भांडणाचा नको. आणि माणूस सापडला की तो फोटो काढून टाकणं ही लावणाऱ्याची जबाबदारी मानली जावी.

परतलेल्या माणसाचं काय होतं, याकडे तर कुणाचंच लक्ष नसतं. सापडला की फाइल बंद. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी बेपत्ता होऊन परतलेल्या प्रौढांशी दीर्घ बोलून त्यांचे अनुभव नोंदवले. अनेकांना आपण गुन्हेगार असल्यासारखं वाटलं होतं. पोलिसांची गाडी, लोकांच्या नजरा, घरातली चिडलेली शांतता. त्यांना त्याबद्दल बोलायचं होतं, पण कुणी विचारलं नाही. घरचे विचारत नाहीत कारण त्यांना भीती वाटते: विषय काढला तर पुन्हा जाईल. आत्महत्येचे विचार येतात का असं थेट विचारल्याने ते विचार मनात पेरले जातात, ही समजूतही अशीच. संशोधन तिच्या बाजूने नाही. विचारल्याने उलट अनेकांना हलकं वाटतं.

पोलिसांवर हे सगळं लादू नका असं कुणी म्हणेल, तर मी सहमत आहे. इंग्लंडमधल्या हम्बरसाइडच्या पोलिसांनी २०२०पासून मानसिक आरोग्याबाबत येणारे मदतीचे फोन आरोग्य यंत्रणेकडे वळवायला सुरुवात केली आणि पुढे ते धोरण इंग्लंडभर गेलं. तत्त्व बरोबर आहे. अडचण एवढीच, की पोलिसांनी हात काढून घेतल्यावर तिथे दुसरा हात असावा लागतो. शोध पोलिसांनी घ्यावा. सापडल्यावर समोर उभा राहणारा पहिला माणूस आरोग्य यंत्रणेतला असावा.

आणि हे फार खर्चिक असायला हवं असंही नाही. जेरोम मोट्टो या मानसोपचारतज्ज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोत एक प्रयोग केला. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे दाखल झालेल्या आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे त्याने दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं, वर्षातून निदान चार वेळा, छोटं पत्र जायचं. तुम्ही कसे आहात, वाटलं तर कळवा, इतकंच. कसली मागणी नाही, उपचारांना या असा आग्रह नाही. दुसऱ्या गटाला काहीच नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळणाऱ्या गटातल्या आत्महत्या लक्षणीयरीत्या कमी होत्या. उपचार नाकारणाऱ्या, म्हणजे सगळ्यात हाताबाहेरच्या मानल्या जाणाऱ्या माणसांवर झालेला हा परिणाम आहे.

इंग्लंडमध्ये घरातून पळून गेलेलं मूल परतलं, की बहात्तर तासांच्या आत एका त्रयस्थ व्यक्तीने त्याच्याशी बोलावं असे सरकारी निर्देश आहेत. प्रौढांसाठी तशी सक्ती नाही. ती सगळीकडे आणावी. आणि भेटीनंतर वर्षभर त्या माणसाला अधूनमधून फोन किंवा पत्र जावं. त्याने उत्तर दिलं नाही तरी ते बंद करू नये.